ओठावरचे दोन खळगे : दुभंगलेल्या टाळूच्या एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं घेतलेली नाहीत. नाती सगळी बाळाच्या बाजूने सांगितली आहेत. ओठ-टाळूच्या मुलांवर उपचार करणाऱ्या पथकात मी आनुवंशिक समुपदेशनाचं काम करते. बाळरोगतज्ज्ञ, परिचारिका, आशाताई आणि वाचा-उपचारतज्ज्ञ, यांतलं कुणीही आधी थांबून नीट पाहिलं असतं, तर या घराचे बरेच महिने वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

बाळाचा जन्म जानेवारी २०२३ मधला. मुलगा, वजन २.७ किलो, बाळंतपण तालुक्याच्या गावी, अडचण काही नाही. जन्मल्यावर रडला, रंग चांगला होता, ओठ अखंड होते. तोंड उघडून टॉर्चच्या उजेडात टाळू कुणी पाहिला नाही आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी गेल्यावर दूध नाकातून यायला लागलं. बाळ स्तनाला लावलं की चुळबुळ करायचं, दहा-पंधरा मिनिटांत दमून झोपायचं आणि अर्ध्या तासात पुन्हा भुकेनं रडायचं. आईला वाटलं आपल्यालाच दूध कमी आहे. शेजारणींनी शतावरी, डिंकाचे लाडू, हळीवाची खीर असं सगळं सुचवलं. दूध भरपूर होतं. बाळाला ते ओढता येत नव्हतं, कारण टाळू उघडा असला की दूध ओढायला लागणारी निर्वात पोकळी तोंडात तयार होत नाही. तीन आठवडे उलटले तरी जन्माचं वजन भरून निघालं नाही. शेवटी आशाताईंनी बाळ उचलून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जिभेवर चमचा ठेवून पाहिलं, तर टाळूचा मागचा मऊ भाग आणि पुढच्या कडक भागाचा काही हिस्सा मधोमध दुभंगलेला होता.

आमच्याकडे येईपर्यंत या घराकडे दोन स्पष्टीकरणं तयार होती. पहिलं ग्रहणाचं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, खंडग्रास सूर्यग्रहण होतं आणि बाळाची आई तेव्हा सातव्या महिन्यात होती. पाहुण्यांसाठी तिने विळीवर कोथिंबीर चिरली, हे एका चुलत आजीने पाहिलं होतं. दुसरं नात्यातल्या लग्नाचं. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. एका खासगी दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, "घरातल्या घरात लग्न केलं की असंच होतं." म्हणजे कुठूनही मोजलं तरी बोट आईकडेच जात होतं. पहिल्या भेटीत ती खाली मान घालून बसली होती, आणि बाळाचा इतिहास विचारला की उत्तरं तिच्याऐवजी दुसरेच देत होते.

पहिले तीन महिने

पहिलं काम दूध पाजण्याचं, कारणाचं नंतर. दूध काढून ठेवायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं आणि बोंडल्याने थोडं थोडं, बाळाच्या गिळण्याच्या गतीने द्यायचं. पुढे दाबता येणारी मऊ बाटली मिळाली. आजींना बोंडलं वापरायची सवय होती, त्यामुळे हे घरात लवकर बसलं आणि सातव्या आठवड्यापासून वजन आठवड्याला दीडशे ग्रॅमच्या पुढे वाढू लागलं.

इतर तपासण्याही याच काळात झाल्या. फक्त टाळू दुभंगलेला असेल तर जास्त बारकाईने पाहावं लागतं. ओठासह टाळू दुभंगलेल्या मुलांत साधारण ३० टक्क्यांना, तर फक्त टाळू दुभंगलेल्यांत साधारण निम्म्या मुलांना सोबत आणखी काही आढळतं. हनुवटी फार मागे असेल तर श्वासाची काळजी घ्यावी लागते. स्टिकलर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात डोळ्यांचा पडदा सुटण्याचा धोका असतो. बाविसाव्या गुणसूत्रावरचा २२क्यू११.२ या ठिकाणचा तुकडा गळालेला असेल तर हृदय आणि रक्तातलं कॅल्शियम तपासावं लागतं. या बाळाचं हृदय, कॅल्शियम, डोळे आणि हनुवटी सगळं ठीक होतं. टिपणात "इतर दोष नाही" असं लिहिलं गेलं, आणि आईवडिलांना सर्वसाधारण आकडा सांगितला गेला, की पुढच्या मुलात असं होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच.

आकडा बरोबर होता, पण या घरासाठी नव्हता.

निदान कसं झालं

वडील रुग्णालयात कायम मास्क लावून यायचे. एप्रिलमधल्या एका भेटीत वाचा-उपचारतज्ज्ञ त्यांना बाळाशी कसं बोलावं हे दाखवत होत्या, म्हणून त्यांनी मास्क काढला. खालच्या ओठाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, दोन बारीक खळगे होते, टाचणीचं डोकं बसेल एवढे. बोलता बोलता ते रुमालाने ओठ टिपत होते. त्या खळग्यांत लहान लाळग्रंथी उघडतात आणि त्यातून ओलावा झिरपत राहतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हे आमच्या घराण्यातच आहे. आमच्या दादांना होतं, धाकट्या भावालाही आहे." दादा म्हणजे बाळाचे आजोबा, आता हयात नाहीत.

मग बाळाचा ओठ पुन्हा पाहिला. खालच्या ओठावर दोन अगदी लहान उंचवटे होते. पहिल्या दिवसापासून ते तिथे असणार, फक्त त्यांना कुणी दोष मानलं नव्हतं.

वंशावळ नीट काढायला बसलो तेव्हा आणखी एक नाव आलं, बाळाच्या आत्याचं. तिचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता, लहानपणीच शस्त्रक्रिया झाली होती. आधीच्या भेटीत "घरात कुणाला असं आहे का?" या प्रश्नावर "नाही" असं उत्तर आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. प्रश्न टाळूबद्दल आहे असं त्यांना वाटलं आणि आत्याचा तर ओठ होता. एरवी दुभंगलेला ओठ आणि फक्त दुभंगलेला टाळू हे वेगवेगळ्या घरांत दिसतात. एकाच घरात दोन्ही दिसले आणि सोबत खालच्या ओठावर खळगे असले, तर व्हॅन डर वूड सिंड्रोम हे नाव सगळ्यात आधी मनात यायला हवं. ॲन व्हॅन डर वूड यांनी १९५४ साली या खळग्यांचा आणि दुभंगाचा आनुवंशिक संबंध मांडला, म्हणून ते नाव.

टाळू जुळतो कसा

चेहरा घडवणाऱ्या बऱ्याचशा पेशी मज्जानलिकेच्या कडेवरून निघून गर्भाच्या पुढच्या भागात येतात. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळूचं काम थोडं नंतरचं आहे. डाव्या आणि उजव्या बाजूने दोन पडदे वाढतात आणि सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरते, पडदे वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मध्ये एकमेकांना भेटतात. भेटलेल्या कडांवरचा पेशींचा थर नाहीसा झाला की दोन्ही बाजू एकजीव होतात. बाराव्या आठवड्यापर्यंत हे सगळं पुरं होतं.

या पडद्यांवर सगळ्यात वरती पेशींचा एक पातळ थर असतो. पडदे वेळेआधी जिभेला किंवा जबड्याला चिकटू नयेत हे त्याचं काम. घडीच्या पोळीत तेलावर पीठ भुरभुरतो, म्हणून पदर चिकटत नाहीत. आजींना मी हेच सांगितलं. हा थर नीट तयार व्हायला आयआरएफ६ हे जनुक लागतं. ते पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, आणि एक बिघडली तर उरलेली एक प्रत कधी पुरते, कधी अपुरी पडते. म्हणून एकाच घरात एकाचा टाळू दुभंगतो, दुसऱ्याचा ओठ, तिसऱ्याला फक्त खळगे येतात आणि एखाद्याच्या अंगावर काहीच दिसत नाही.

आयआरएफ६ चा हा संबंध २००२ साली उघड झाला. आयोवा विद्यापीठातल्या जेफ्री मरे आणि ब्रायन शुट यांच्या गटाला एकसारख्या जुळ्यांची एक जोडी सापडली. त्यातल्या एकाला हा सिंड्रोम होता, दुसऱ्याला नव्हता. बाकी सारं आनुवंशिक द्रव्य सारखंच असल्याने दोघांत नेमका कुठे फरक आहे ते शोधता आलं. या सिंड्रोमच्या बहुसंख्य घरांत बदल आयआरएफ६ मध्येच सापडतो. थोड्या घरांत तो जीआरएचएल३ या दुसऱ्या जनुकात असतो.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न इथेच सुटला. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या आजारांत नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो. इथे एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि ती आजोबांकडून आली होती. आईचं नातं आहे ते आजींच्या माहेराशी. त्या माहेरात ना खळगे होते, ना दुभंग.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न, जनुकाची चाचणी करायची का? निदान डोळ्यांनी झालं होतं आणि बाळाच्या उपचारांत चाचणीने काही बदलणार नव्हतं. अशा वेळी मी चाचणीचा आग्रह धरत नाही. पण हे दोघं दुसऱ्या मुलाचा विचार करत होते, आणि घरातल्या इतरांना स्पष्ट उत्तर हवं असेल तर आधी नेमका बदल माहीत असणं गरजेचं होतं. सगळ्या जनुकांची मोठी चाचणी, की फक्त आयआरएफ६? खुणा इतक्या स्पष्ट असताना मोठ्या चाचणीत अर्थ न लागणारे निष्कर्ष हाती येण्याची शक्यता जास्त होती. एकाच जनुकाची निवडली.

रक्त कुणाचं घ्यायचं? नेहमीची पद्धत बाळाचं घेण्याची. आम्ही वडिलांचं घेतलं. खळगे त्यांच्या ओठावर होते, ते सज्ञान होते, संमती स्वतः देऊ शकत होते, आणि तान्ह्या बाळाला सुई टोचावी लागली नाही. बाळाचा नमुना पुढे शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसोबत घेतला. दोघांतही आयआरएफ६ मधला तोच बदल निघाला, प्रथिनाची साखळी मध्येच तोडणारा.

सगळ्यात अवघड निर्णय होता, हे घरात सांगायचं कसं? ग्रहणाबद्दल माझ्या सहकाऱ्याने एक सोपा मुद्दा सुचवला. ग्रहण ऑक्टोबरमध्ये, आणि टाळू जुळायची वेळ जुलैतच संपली होती; तारखांनीच वाद मिटतो. मुद्दा खरा होता आणि पटणाराही. पण मी आत्याची जन्मतारीख पाहिली, जून १९९६. म्हणजे २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी आजींना दुसरा महिना चालू होता, आणि ओठ जुळण्याचा काळ नेमका तोच. तारखांवर वाद जिंकला असता तर सुनेवरचा दोष उचलून सासूवर ठेवल्यासारखं झालं असतं. तो मुद्दा आम्ही वापरला नाही.

काय केलं

आधी फक्त आईवडिलांना बोलावलं. वडिलांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझ्यामुळे झालं?" मी म्हणाले, जनुक तुमच्याकडून आलं, पण ते तुम्ही निवडलं नाही आणि थांबवूही शकला नसता, तुमच्या वडिलांनीही नाही. आईने पहिल्यांदाच वर पाहिलं आणि विचारलं, "हे घरी तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर कुणी ऐकायचं नाही."

दुसऱ्या भेटीला आजी आल्या, सोबत त्या चुलत आजीही. कागदावर वंशावळ काढली, ज्यांच्या ओठावर खळगे त्यांची चौकट काळी केली. काळ्या चौकटी आजोबांपासून खाली उतरत गेल्या. ग्रहणाबद्दल एवढंच सांगितलं, की त्या दिवशी देशात लाखो बायका गरोदर असतात आणि त्यांची मुलं धडधाकट जन्मतात. आणि ज्या वर्षी इथे ग्रहण दिसतसुद्धा नाही त्या वर्षीही साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगतोच.

आजी बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मी तर सुपारीबी कातरली नव्हती. दार लावून बसले होते. तरी सगळी म्हणायची, काहीतरी केलंच असशील." सत्तावीस वर्षं हे त्यांनी कुणापुढे बोललं नव्हतं. चुलत आजींनी यावर काही म्हटलं नाही, पण ग्रहणाचा विषय त्यानंतर निघाला नाही, असं आई पुढे सांगत होती.

टाळूची शस्त्रक्रिया अकराव्या महिन्यात झाली, मोफत योजनेतून. त्याच भुलीत कानांत बारीक नळ्या बसवल्या. टाळूचे स्नायू नीट जोडलेले नसले की कानाची नळी उघडत नाही, पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. हे या मुलांत इतकं नेहमीचं आहे, की कानाची तपासणी केल्याशिवाय टाळूची शस्त्रक्रिया ठरवूच नये असं माझं मत आहे.

नातेवाइकांना कळवण्यासाठी मराठीत एक पानी पत्र तयार केलं. बदलाचं नेमकं नाव, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मिळाला तरी दुभंग होईलच असं नाही, आणि चाचणी कुठे होते, एवढाच मजकूर. ते वडिलांच्या हातात दिलं. कुणाला कधी सांगायचं हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी ते आधी बहिणीला दिलं.

परिणाम

टाळू एका शस्त्रक्रियेत भरून आला, मध्ये छिद्र राहिलं नाही. दीड वर्षाचा असताना मुलगा "मामा" आणि "नाना" स्वच्छ म्हणायचा, पण "बाबा" म्हणायला गेला की "मामा"च निघायचं. 'ब' साठी तोंडात हवा कोंडून धरावी लागते, आणि ती नाकातून निसटायची. आईने घरी रोज खेळातून सराव करून घेतला. हाताच्या पाठीवर हवा लागते का ते पाहायचं, गोट्याऐवजी कापसाचे बोळे फुंकायचे. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत 'ब' आणि 'प' जमले. 'क' आणि 'स' वर अजून काम चालू आहे.

दुसऱ्या गरोदरपणाच्या वेळी दोघं आधी येऊन भेटले. अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत वारेचा अंश घेऊन चाचणी करता येते, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, हे सांगितलं. चाचणी बदल दाखवेल, दुभंग होईल की नाही हे सांगणार नाही, हेही. त्यांनी ती नको म्हटलं. आई म्हणाली, "दुभंगलेला टाळू कसा सांभाळायचा ते मला येतं." त्यांचा निर्णय मला पूर्ण पटला, पण उलटा निर्णय घेतला असता तरी मी तितक्याच आदराने सोबत राहिले असते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ओठ अखंड दिसला. फक्त टाळू दुभंगलेला असेल तर तो सोनोग्राफीत बरेचदा सुटतो, म्हणून बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणी ठरवलं आणि बोंडलं व बाटली पिशवीत तयार ठेवली. २०२५ मध्ये मुलगी झाली. तासाभरात तिचं तोंड टॉर्च लावून आणि बोट फिरवून तपासलं. खालच्या ओठावर दोन खळगे होते, टाळू आणि पडजीभ अखंड. पहिल्याच दिवसापासून ती अंगावर पिऊ लागली.

वेगळं काय करता आलं असतं

जन्मल्याबरोबर टाळू पाहायला अर्धं मिनिट लागतं. नुसतं बोट फिरवून मागचा दुभंग सुटू शकतो; उजेड आणि जीभ दाबायला चमचा हवाच. इथे त्या अर्ध्या मिनिटाने पाच आठवड्यांची उपासमार वाचली असती.

आईवडिलांचे चेहरे पहिल्याच भेटीत, मास्क उतरवून पाहायला हवेत. आता आमच्या नोंदणी-कागदावर "दोन्ही पालकांचा खालचा ओठ व टाळू पाहिला" अशी ओळ आहे, आणि ती भरल्याशिवाय पुढच्या मुलाचा आकडा कुणी सांगत नाही. घराण्याबद्दल विचारतानाही "असं कुणाला आहे का?" हा प्रश्न पुरत नाही. ओठावर टाके, ओठावर खळगा, नाकात बोलणं, जन्मतःच न आलेले दात असं एकेक वेगळं विचारावं लागतं. या घरात काकांचे दोन दात कधीच आले नव्हते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आत्याला आधी भेटायला हवं होतं. पत्र पोचलं तेव्हा ती स्वतः चौथ्या महिन्यात होती. लवकर चाचणीचा काळ निघून गेला होता. तिला ती करायची होती की नाही हे वेगळं, पण निवड तिच्या हाती राहिली नाही. पुढच्या घरांत पत्र निदानाच्या दिवशीच द्यायचं, जनुकाच्या अहवालाची वाट पाहायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. तिचं बाळ सुखरूप आहे.

काकांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. त्यांच्यासाठी स्थळं पाहणं चालू आहे आणि बघण्याच्या कार्यक्रमाआधी ओठावरचे खळगे काढून टाकता येतील का, हे विचारायला ते आले होते. ती लहान शस्त्रक्रिया आहे, मागण्याचा त्यांना हक्क आहे, आणि शल्यचिकित्सकांनी होकार दिला. माझी अडचण एवढीच होती, की खळगे गेले तरी जनुक जात नाही, आणि पुढे त्यांच्या घरी बाळ जन्मलं तर हे ओळखण्याची खूण मात्र गेलेली असेल. शस्त्रक्रियेआधी त्यांच्या ओठाचा फोटो काढला, पत्राची प्रत जोडली आणि दोन्ही त्यांच्याच ताब्यात दिलं. मुलीला हे लग्नाआधी सांगा, असं मी स्पष्ट म्हटलं. आमच्याकडून परस्पर कुणाला काही कळवलं जाणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी विचार करतो म्हटलं. चाचणीसाठी रक्त अजून दिलेलं नाही.